टिपणीसबाईंचं जपानी कपाट

वसुंधराबाई टिपणिसांनी हो म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त एक कपाट होतं. वाचनालयातलं, खिडकीशेजारचं, ज्याच्या वरच्या कप्प्यात जुने दिवाळी अंक आणि खालच्या कप्प्यात केरसुणी, फिनेलची बाटली आणि मागच्या वर्धापनदिनाच्या हारांचे दोरे असत. ते रिकामं करायचं, फडक्यानं पुसायचं, जपानी पुस्तकं लावायची आणि वर पाटी डकवायची. एका दुपारचं काम. तेवढ्या हिशेबानं त्यांनी हो म्हटलं आणि सगळा उन्हाळा त्यात गेला.

वसुंधराबाई नवीन पनवेलच्या ज्ञानसरिता वाचनालयाच्या चिटणीस. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे पद घेतलं आणि वाचनालयात शिस्त आणली. ‘चिटणीस टिपणीस’ हे यमक सभासदांना इतकं आवडे की गरज नसताना लोक दोन्ही शब्द एकत्र उच्चारत. बाईंना ते मुळीच आवडत नसे, पण नाव बदलता येत नव्हतं आणि पद सोडायचं नव्हतं.

त्यांच्याकडे हे काम घेऊन आली फरिदा मुकादम. जुन्या पनवेलमधली मुलगी, एका जपानी कंपनीत दुभाषी, आणि संध्याकाळी घरातल्या पुढच्या खोलीत जपानी शिकवायची. तिच्याकडे खारघरच्या कॉलेजांतली मुलं येत, जपानात नोकरीला जाऊ पाहणाऱ्या नर्स येत, एकदोन संशोधन करणारेही येत. पुस्तकं मात्र नव्हती. झेरॉक्सची झेरॉक्स काढून त्यावर शिकणं चाले आणि त्यात दहाबारा रेघांच्या अक्षराची पार माशी होऊन जाई. मुलं ती माशी पाठ करत. खरी पुस्तकं चाळायची तर मुंबई नाहीतर पुणे गाठायचं, तिथं बसून वाचायचं आणि हात हलवत परत यायचं. आता कंपनीतले एक इंजिनिअर, ओगावा नावाचे, खारघरचं बिऱ्हाड आवरून कायमचे जपानला चालले होते. त्यांच्या पत्नीला आपली पुस्तकं टाकवत नव्हती आणि नेताही येत नव्हती. जिथं मुलं बसून वाचतील अशा वाचनालयाला द्यायची, एवढंच तिचं म्हणणं होतं.

“मॅडम, बाकी ठिकाणी विचारलं, मागणी नाही म्हणाले,” फरिदा म्हणाली. “तुमच्याकडे शिस्त आहे असं सगळे सांगतात, म्हणून आले.”

शिस्त हा शब्द आला आणि बाई विरघळल्या. कार्यकारिणीला न विचारता त्यांनी शब्द देऊन टाकला.

पहिली अडचण अशी की वाचनालयात नेमक्या त्याच आठवड्यात लाद्या बसवायचं काम निघालं. ओगावाबाईंचं विमान काही लाद्यांसाठी थांबणार नव्हतं. तेव्हा खोकी बाईंच्या घरी आली, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. बाईंना वाटलं होतं चारपाच खोकी असतील. हमालांनी रचायला सुरुवात केली तेव्हा आधी सोफा दिसेनासा झाला, मग टीव्ही, मग गॅलरीचा दरवाजा. त्या रात्री बाई एका खोक्यावर बसून दुसऱ्या खोक्यावर ताट ठेवून जेवल्या.

खोकी जिना चढताना सगळ्या इमारतीनं पाहिली होती, त्यामुळे सकाळपासून सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरून कडुलिंबाचा पाला आला. समोरच्या बिऱ्हाडातून डांबरगोळ्या आल्या, आणि पाल्याबरोबर डांबरगोळ्या चालत नाहीत हा सल्ला पाला देणाऱ्यांकडून आला. जपानी कागदात तांदळाची खळ असते, त्याला उंदीर लागतात, अशी माहिती एकानं दिली. एक निवृत्त गृहस्थ वर आले, त्यांनी एक पुस्तक उघडून पाहिलं, मिटलं, पुन्हा उलट बाजूनं उघडलं आणि सांगितलं की हे सगळं उलटं छापलेलं आहे, तुम्हाला फसवलंय, परत पाठवा. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं एवढं बाईंना फरिदानं सांगितलेलं होतं. ते त्यांनी इतक्या अधिकारानं समजावून सांगितलं की संध्याकाळपर्यंत टिपणीसकाकूंना जपानी येतं ही बातमी तळमजल्यापर्यंत उतरली.

तळमजल्यावर मितेश म्हात्रे राहायचा. त्यानं कुठूनसा जुना जपानी एसी मिळवला होता. यंत्र उत्तम, फक्त रिमोटवरचं एकूणएक अक्षर जपानी. तो हात जोडून वर आला. तुम्हाला येतं ना, असं त्यानं विचारलं तेव्हा बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “थोडंफार.”

मे महिना होता. मितेशकडे त्याचे सासरे आले होते आणि पंख्याखाली बनियनवर बसले होते. बाईंनी चष्मा पुसला, रिमोट हातात घेतला, अक्षरांवरून नजर फिरवली आणि सगळ्यांत मोठं लाल बटण दाबलं, कारण एवढं मोठं बटण सुरू करायचंच असणार. एसी सुरू झाला. टाळ्या पडल्या. मितेशच्या बायकोनं खिडक्या लावून घेतल्या आणि बाईंना सरबत दिलं. सरबत संपेस्तोवर सासऱ्यांनी बनियनही काढून ठेवलं होतं. थोड्या वेळानं ते क्षीण आवाजात म्हणाले की थंडी अजून पोचली नाही वाटतं. मग बाईंनी बाकीची बटणं दाबली, प्रत्येक बटणाला खोली जास्तच तापत गेली आणि शेवटी फरिदाला व्हिडिओ कॉल लावावा लागला. तिनं रिमोट पाहिला आणि अतिशय अदबीनं सांगितलं की ते बटण हिवाळ्यात खोली गरम करायचं आहे.

त्या दिवसापासून इमारतीतली मुलं त्यांना जपानी काकू म्हणू लागली. बाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. पण झालेली शोभा भरून काढायला आता कपाट झोकदार झालंच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुढचा घोळ झाला तो या झोकदारपणापायी.

ज्ञानसरिताचा नियम होता की नवीन पुस्तक बांधणी करूनच कपाटात जाईल. नियम बाईंनीच केलेला. फरिदा कंपनीच्या कामाला ओसाकाला गेली होती, तिला विचारायचं बाईंना सुचलं नाही. खोकी शिवाकडे गेली. शिवा हा वाचनालयाचा जुना बाइंडर, कामाला चोख, आणि सांगितलं तेवढंच न करता थोडं जास्त करणारा. त्यानं सगळी रंगीबेरंगी वेष्टणं काढून टाकली, सुट्या पानांना टाके घातले, कडा मशीनवर सारख्या केल्या आणि सगळ्या पुस्तकांना एकच मरून रंगाचं रेक्झिन चढवलं. पाठीवर नाव मात्र एकाच्याही घातलं नाही. वाचता येत नाही ते नाव चुकीचं घालण्यापेक्षा कोरं ठेवलेलं बरं, असं त्याचं म्हणणं होतं आणि त्यात तत्त्वतः चूक काढता येत नव्हती. नंबराच्या चिठ्ठ्या त्यानं पुढच्या बाजूला चिकटवल्या, म्हणजे आपल्या पुढच्या, जपान्यांच्या मागच्या.

नव्या लाद्यांवर कपाट उभं राहिलं आणि त्यात मरून पुस्तकांच्या रांगा लागल्या. कपाट झोकदार दिसत होतं यात शंका नव्हती. कादंबरी कुठली, व्याकरण कुठलं, शब्दकोश कुठला आणि लहान मुलांच्या गोष्टी कुठल्या हे मात्र बाहेरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. परतून आलेली फरिदा कपाटासमोर उभी राहिली, एकेका कोऱ्या पाठीवरून तिनं बोट फिरवलं आणि मग म्हणाली, “रंग छान आहे, मॅडम.” त्या मुलीच्या सभ्यतेबद्दल बाई आजही कृतज्ञ आहेत.

एवढ्यात जिल्ह्याच्या ग्रंथालय कार्यालयातून विचारणा आली. वर्षाच्या तपासणीच्या तक्त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी असे रकाने होते आणि बाईंनी जपानी पुस्तकं ‘इतर’ मध्ये टाकली होती. ‘इतर’ म्हणजे काय, असा प्रश्न आला. बाईंनी खुलासा पाठवला. मग त्या पुस्तकांतला मजकूर योग्य असल्याचं ती भाषा जाणणाऱ्या राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडा, असं उत्तर आलं. रायगड जिल्ह्यात जपानी जाणणारा राजपत्रित अधिकारी शोधायला बाई खरोखरच निघाल्या. तहसील कचेरीत त्यांना पोलिसांकडे जायला सांगितलं, पोलिसांनी तक्रार कोणाविरुद्ध आहे ते विचारलं, आणि पशुवैद्यकीय खात्यातले एक राजपत्रित अधिकारी मदतीला तयार झाले, पण त्यांना जपानी म्हणजे फक्त कराटे येत होतं.

बाई घरी येऊन पाय चोळत बसल्या. प्रमाणपत्र नाही तर पुस्तकं तपासणीत धरली जाणार नव्हती, आणि धरली गेली नाहीत तर कार्यकारिणी कपाट बंद करायला सांगणार हे दिसत होतं. अध्यक्ष भगवानशेठ घरत यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. भगवानशेठ मूळ उरणकडचे, मिठागराच्या घरातले. मिठागरं जाऊन त्या जागी वसाहती आल्या तेव्हा ते जमिनीच्या व्यवहारात उतरले. वाचनालयाची जागा त्यांनीच दिलेली. मनानं मोठा माणूस, पण साधं सरळ विचारायचा: “बाय, ही पुस्तकं वाचणार कोन? आमी तर नाय.”

शेवटी त्याच कार्यालयातल्या एका भल्या कारकुनानं फोनवर हळूच वाट दाखवली. कार्यकारिणीनं असा ठराव करावा की समितीनं सर्व ग्रंथ प्रत्यक्ष पाहिले असून त्यांत आक्षेपार्ह काही दिसून आलं नाही. ‘वाचले’ असं लिहू नका, ‘पाहिले’ लिहा. बाईंनी त्या कारकुनाचे मनापासून आभार मानले आणि रविवारी सभा लावली.

रविवारी सकाळी बाई कुलूप काढत होत्या तेव्हा दाराशी एक मुलगी उभी होती. रडवेली, हातात पुस्तकाचं एक फाटकं वेष्टण. ती निशा. भगवानशेठच्याच भावकीतली, फरिदाची विद्यार्थिनी. उरणची मिठागरं आणि जपानची मिठागरं यांवर ती पीएच.डी. करत होती. जपानी साधनं मिळत नाहीत तर विषय बदल, असं तिच्या मार्गदर्शकांनी शेवटचं सांगितलं होतं. आणि मग फरिदाकडून तिला कळलं की ओगावाबाईंचं माहेर एका मिठागराच्या गावचं आहे, आणि त्यांच्या खोक्यांत त्या गावाचा जाडजूड इतिहास आहे. कपाटातलं पुस्तक बाहेरून ओळखू येत नाही हे कळल्यावर ती शिवाच्या दुकानात पोचली, तिथं रद्दीत तिला हे वेष्टण सापडलं. आत पुस्तक नव्हतं. शेजारी कापलेल्या कडांच्या कात्रणांचा मात्र ढीग होता.

“कडा कापताना मजकूर तर गेला नाही ना, बाई?” तिनं विचारलं. “आणि पुस्तक आहे ना? रद्दीत नाही ना गेलं?”

इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपण फक्त हसू करून घेतलं आहे. आपल्या शिस्तीनं एखाद्या मुलीची वर्षं वाया जाऊ शकतात हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. लगेच आत जाऊन शोधू, असं त्या म्हणणार, तेवढ्यात सभासद जमू लागले. सभेत बाहेरच्यांना बसता येत नाही, हा नियमही बाईंचाच. निशा बाहेरच्या बाकावर बसली.

सभा सुरू झाली. प्रत्येकापुढे मरून पुस्तकांची चळत ठेवण्यात आली आणि कार्यकारिणी गंभीर चेहऱ्यानं पाहू लागली. कुणी पानं डावीकडून उलटत होतं, कुणी उजवीकडून. मधूनच कुणी भुवया उंचावून मान डोलवी. एका सभासदानं कच्च्या माशाचं चित्र दाखवून हे आक्षेपार्ह आहे का, असं विचारलं. बऱ्याच चर्चेनंतर, चतुर्थीच्या दिवशी दाखवू नये, एवढ्यावर एकमत झालं. बाई एकेक पुस्तक हळूच उघडून मिठागर दिसतंय का ते बघत होत्या, पण त्यांच्या वाट्याला नुसती अक्षरं येत होती.

भगवानशेठ घड्याळाकडे बघत पानं उलटत होते. एकाएकी ते थांबले. पुस्तक त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, आणि मग टेबलावर सपाट ठेवून पानावर बोट टेकवलं. एव्हाना ठरावाचा मजकूर वाचून दाखवायला लागलेल्या बाईसुद्धा थांबल्या.

“ही बगा,” ते म्हणाले.

काळापांढरा फोटो होता. सपाट चौकोनी वाफे, त्यांच्यामधून बांध, दूरवर पाणी. एक बाई लुगड्यासारखं काहीतरी वर खोचून, लांब दांड्याचं लाकडी फावडं ओढत होती.

“हे आमचं हाय,” भगवानशेठ म्हणाले. “माझी आय अशीच ओढायची. हे जपान नाय, हे आमचं घर हाय.”

बाईंनी आपला नियम आपल्या हातानं मोडला. दार उघडून त्यांनी निशाला आत बोलावलं. निशानं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि मागून पुढे, पुढून मागे उलटून पाहिलं. पुस्तक तेच होतं. कडा थोड्या गेल्या होत्या, पण अक्षर एकही गेलं नव्हतं. शिवानं चोखपणा केला होता आणि समास सोडून कापलं होतं. मग ती तिथंच उभी राहून वाचू लागली, आधी जपानीतून आणि मग तिच्या घरच्या बोलीतून. भरतीचं पाणी कसं घ्यायचे, वाफा कसा तुडवायचे, उन्हाचे दिवस कसे मोजायचे, आणि मग सरकारचा हुकूम आला नि मिठागरं कशी बंद झाली. भगवानशेठ मधेमधे तिच्या आधीच पुढचं सांगत होते. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यात भगवानशेठनी स्वतःहून एक शब्द घालायला लावला, की ग्रंथ ‘आवडले’. ग्रंथालय कार्यालयानं तो शब्द खोडून ठराव स्वीकारला.

पुढचं काम मुलांनी केलं. फरिदानं शिकवणी वाचनालयातच हलवली. खारघरची मुलं, नर्स मुली, सगळ्यांनी बसून एकेक पुस्तक उघडलं आणि प्रत्येकाच्या आत मराठीत चिठ्ठी चिकटवली: नाव काय, कशाबद्दल आहे, किती अवघड आहे, सुरुवात करणाऱ्यानं घ्यावं की नाही. शिवानं पाठींवर नावं घातली, यावेळी फरिदानं काढून दिलेली अक्षरं बघून. जपानी पुस्तकाची सगळी माहिती शेवटच्या पानावर छापतात म्हणे. त्यामुळे शिवाच्या उलट्या चिठ्ठ्या नेमक्या माहितीच्या बाजूला पडल्या होत्या आणि तशाच ठेवण्यात आल्या. दुपारी वाचनालयात जागा मिळेना. बाईंना चपला बाहेर नीट ओळीत लावायला सांगावं लागे, आणि ते सांगण्यात त्यांना जे सुख होई ते त्या कोणाला दाखवत नसत.

एका दुपारी भगवानशेठ आपल्या आईला घेऊन आले. वेणूआई खूप थकल्या होत्या, पण डोळे शाबूत होते. निशानं फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फावड्याकडे पाहिलं नाही, बाईच्या तोंडाकडेही नाही. त्यांनी तिच्या पायांवर बोट ठेवलं.

“चिरलं हायत बग,” त्या म्हणाल्या. “मिठानं चिरतात. रातचं तेल लावायचं, तरी झोप नाय लागायची.” मग विचारलं, “पुस्तक कोनी दिलं?”

फरिदानं ओगावाबाईंबद्दल सांगितलं. त्या या फोटोतल्याच गावच्या, आता परत गेल्या, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी भगवानशेठ एक कापडी पुडी घेऊन आले. आईनं मीठ दिलं होतं. त्या बाईला पाठवायचं म्हणाल्या होत्या, आणि स्वतः बरोबर येणार म्हणाल्या होत्या.

तर अशा रीतीनं वसुंधराबाई टिपणीस एका सकाळी फरिदा, भगवानशेठ आणि वेणूआई यांच्यासह पोस्टाच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या, परदेशी पाठवायची पांढरी पूड हातात घेऊन. खिडकीतल्या गृहस्थांनी पुडी पाहिली, मग बाईंना पाहिलं. पावडर जात नाही, ते म्हणाले. पावडर नाही, खडे आहेत, बाई म्हणाल्या. कसले खडे, म्हणून विचारलं तेव्हा मीठ असं सांगितल्यावर त्यांची शंका आणखी वाढली, कारण जपानला मीठ पाठवणारं माणूस त्यांच्या नोकरीत आजवर आलं नव्हतं. तिकडे मिळत नाही का, त्यांनी विचारलं. मिळतं, बाई म्हणाल्या. सगळा उन्हाळा त्यांनी खुलासे लिहिण्यात घालवला होता, पण याचा खुलासा त्यांच्याकडे नव्हता.

गृहस्थांनी पुडी उघडायला लावली. गाठ सुटताना थोडे खडे वजनकाट्यावर सांडले. त्यांनी एक उचलून जिभेवर ठेवला.

“कुठलं हो हे?” त्यांनी विचारलं. आवाज जरा बदलला होता.

“आमचं,” वेणूआई म्हणाल्या. “आता नाय पिकत. शेवटचं होतं ते बरनीत ठेवलं होतं. त्या बायनं तिचं गाव आमाला दिलं, मग आमी काय द्यायाचं?”

बाईंनी वळून वेणूआईंकडे पाहिलं. बरणीतलं शेवटचं आहे हे भगवानशेठ बोलले नव्हते. बाईंचा हात आपसूक वेणूआईंच्या हातावर गेला आणि तिथंच राहिला.

गृहस्थांनी ‘पाठवण्याचं कारण’ या रकान्यात ‘भेट’ असं लिहिलं. पुडीची गाठ त्यांनी स्वतः बांधली. मग एक कोरा कागद घेऊन काट्यावर सांडलेले खडे बोटानं एकेक करून त्यावर गोळा केले, कागदाची घडी घातली आणि खिडकीतून हात बाहेर काढून ती वेणूआईंच्या हातात दिली.